जुने कमी खर्चातले भयपट-स्टंटपट बघायला सुरुवात करताय? आधी एवढी तयारी करा

मी गिरगावात, चाळीत वाढले. १९८५-८६च्या सुमारास आमच्या मजल्यावर वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचे. सोबत तीन कॅसेट. पहिली कौटुंबिक, आजीपासून सगळ्यांनी बघायची. दुसरी मारामारीची. आणि रात्री दीडनंतर, पोरं झोपली असं समजून लावायची ती भुताची. मी झोपलेली नसायचे. गोधडीच्या फटीतून मी ‘पुराना मंदिर’मधला सामरी राक्षस पाहिला आणि पुढचे सहा महिने रात्री मोरीपर्यंत एकटी गेले नाही.

वीसेक वर्षांनी तोच सिनेमा पुन्हा लावला. भीती वाटली नाही, पण भिंतीवरचा हिरवा उजेड दिसला. तो एकाच बाजूने येत होता, म्हणजे कॅमेऱ्याच्या डावीकडे कुणीतरी दिव्यापुढे हिरवा जिलेटीन पेपर धरून उभा होता. मला लहानपणी घाबरवलं होतं ते त्या माणसाने. त्या दिवसापासून मी हे सिनेमे नीट बघायला लागले. आता डोंबिवलीच्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी आठ-दहा जण जमतो. नवीन माणसं आली की तेच प्रश्न विचारतात आणि मी केल्या त्याच चुका करतात, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

१. आधी दार ठरवा

‘बी ग्रेड’ या एका शब्दात लोक फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. वाडिया बंधूंचे तीस-चाळीसच्या दशकातले स्टंटपट, पन्नास-साठच्या दशकातले जादूचे आणि पोशाखी सिनेमे, दारासिंगचे कुस्तीपट, रामसे बंधूंचे भयपट, आणि नव्वदच्या दशकात सकाळच्या शोला लागणारे, भुताच्या नावाखाली भलतंच दाखवणारे सिनेमे. हे शेवटचे आल्यागेल्यासोबत, घरच्यांसोबत लावू नका. त्या काळी काही थिएटरांत मधेच सेन्सॉर न झालेले तुकडे, ज्यांना ‘बिट’ म्हणायचे, जोडून दाखवत. त्यांचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे, पण सुरुवात तिथून नको.

घरात वडीलधारी माणसं असतील तर गाण्यांच्या दाराने आत जा. ‘पारसमणी’ (१९६३) लावा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा संगीतकार म्हणून प्रदर्शित झालेला पहिला सिनेमा हाच, आणि दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री. ‘हँसता हुआ नूरानी चेहरा’ सुरू झालं की आई-बाबा आपोआप खुर्ची पुढे ओढतात. तसाच ‘ज़बक’ (१९६१), होमी वाडियांचा. चित्रगुप्तची ‘तेरी दुनिया से दूर’ची चाल ज्यांना तोंडपाठ आहे त्यातल्या कित्येकांना ती एका पोशाखी सिनेमातली आहे हे ठाऊक नसतं. कमी खर्चाच्या सिनेमात पैसा वाचवायचे ते नटांवर आणि सेटवर. गाण्यावर मेहनत पुरेपूर असायची.

मारामारी आवडणाऱ्यांनी नादियापासून सुरुवात करावी. मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म १९०८चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ने (१९३५) ती घराघरात पोचली. पुढच्याच वर्षीच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते, तीही स्वतः, डुप्लिकेटशिवाय. ज्या परळच्या जागेत वाडिया मूव्हीटोन होतं, तिथेच पुढे व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. परळ-लालबागच्या लोकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघावा.

मुलं असतील तर सरळ महेश कोठारे. ‘धडाकेबाज’ (१९९०) मधला कवट्या महाकाळ आणि ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांचा. थोड्या पैशात, हाताने हलवलेला बाहुला थिएटरभर पोरांना किंचाळायला लावतो, हे तुमच्या मुलांना आजही पटेल.

आणि भयपटांचं दार म्हणजे रामसे. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज यांच्याबद्दल आहेत.

एफ. यू. रामसे यांचं फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचं दुकान होतं. मुंबईत आल्यावर ते सिनेमाच्या धंद्यात शिरले. त्यांची सुरुवात भुतांनी झाली नाही. ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) त्यांचा, पृथ्वीराज कपूर आणि सुरैयाला घेऊन केलेला, आणि दिग्दर्शक कोण, तर विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’वाले बेडेकर. ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) हाही बेडेकरांनीच दिग्दर्शित केला. तो चालला नाही. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करायला येतात तो प्रसंग आला की प्रेक्षक सरसावून बसतात, हे रामसेंच्या मुलांनी थिएटरात बसून हेरलं. ही हकिगत त्या भावांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. सात भाऊ होते. त्यांनी कामं वाटून घेतली: कुमारने लिहायचं, गंगूने कॅमेरा, किरणने आवाज, अर्जुनने संकलन, केशूने निर्मितीची व्यवस्था, तुलसी आणि श्यामने दिग्दर्शन. जोसेफ मॅसेलीचं छायाचित्रणाचं पुस्तक समोर ठेवून ते हे काम शिकले. मग आया-बायकांसकट सगळं कुटुंब आणि युनिट महाबळेश्वरला गेलं, एका गेस्ट हाउसात राहिलं, तिथेच शूटिंग, तिथेच घरच्या बायकांनी रांधलेलं जेवण. अशा रीतीने ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) तयार झाला.

हे ठाऊक असेल तर पडदा वेगळा दिसतो. हवेली एकच आहे, खोल्या त्याच त्याच येतात, कारण युनिट तिथेच झोपत होतं.

सुरुवात मात्र ‘दो गज़’पासून करू नका, तो संथ आहे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) घ्या. तो जमला तर ‘वीराना’ (१९८८), मग ‘बंद दरवाज़ा’ (१९९०). हा क्रम मी सात-आठ वेगवेगळ्या गटांवर करून पाहिला आहे.

परदेशी सिनेमा हवा असेल तर जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८). कृष्णधवल, एक शेतघर, थोडे नट, रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप. अमेरिकेत वितरकाने शीर्षक बदलताना हक्काची सूचना पडद्यावर टाकायची राहिली, त्यामुळे तिथे तो कुणाच्याच मालकीचा राहिला नाही आणि असंख्य कॉप्या निघाल्या. म्हणून चांगली प्रत शोधून घ्या, त्यात फार वाईट प्रतीही आहेत.

सापळा: ‘जगातले सर्वात वाईट शंभर सिनेमे’ छाप याद्यांवरून निवडू नका. त्या याद्या करणाऱ्यांनी बहुतेक सिनेमांची दहा मिनिटंच पाहिलेली असतात.

२. सामान

फार काही लागत नाही.

- टीव्ही किंवा छोटा प्रोजेक्टर. जुन्या व्हीसीडीसाठी (सीडीवरच्या सिनेमासाठी) ३२ इंची टीव्ही पुरतो, मोठा पडदा उलट नुकसान करतो.
- डीव्हीडी प्लेयर, जो व्हीसीडीही चालवतो. घेताना दुकानात डिस्क घालून बघा.
- पिवळी-पांढरी-लाल पिनांची वायर, आणि नव्या टीव्हीला त्या पिना लागत नसतील तर एचडीएमआयचा कन्व्हर्टर. लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात.
- घरी जुन्या कॅसेट असतील आणि व्हीसीआर चालू असेल तर हेड साफ करून घ्या. कॅसेटच्या काचेतून टेपच्या कडेला पांढरट पावडर दिसली तर ती बुरशी आहे. मुंबईच्या दमटपणात हमखास धरते. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, मशीनचं हेड आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब होईल.
- कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला चालेल. कशाला ते पुढे सांगते.
- एक वही.
- जाड पडदे किंवा खिडकीला लावायला काळा कागद. रामसेंचा अंधार दुपारच्या उजेडात पूर्ण धुतला जातो.

३. प्रत तपासा (ही पायरी सोडू नका)

माझा पहिला शो इथेच फसला. एका दुकानातून दोन व्हीसीडींचा सेट आणला. पहिली डिस्क बरोबर, दुसरीत भलताच सिनेमा. सहा माणसं चहा घेऊन बसलेली आणि पडद्यावर अचानक वेगळेच नट. तेव्हापासून आदल्या दिवशी प्रत्येक डिस्क सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी लावून बघते.

त्याहून मोठा प्रश्न कापाकापीचा. व्हीसीडीच्या एका तबकडीत साधारण ७५-८० मिनिटं मावतात. सिनेमा दोन तबकड्यांत बसवायचा म्हणून कुणीतरी गाणी उडवलेली असतात, कधी अख्खा प्रसंग. मग प्रेक्षक म्हणतात, ‘कथेला काही शेंडाबुडखाच नाही.’ शेंडा कापणारा दिग्दर्शक नसून डिस्क बनवणारा असतो.

हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये दिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते तेव्हा मिनिटाला सुमारे २७.४ मीटर सरकते. म्हणून मीटरला २७.४ ने भागा. ३७०० मीटर असतील तर सुमारे १३५ मिनिटं. अगदी जुन्या सिनेमात लांबी फुटांत असते, तिथे ९० ने भागा. आता तुमची प्रत ११० मिनिटांची असेल तर २५ मिनिटं कुठेतरी गेली.

एक अपवाद ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच व्हीसीडी-डीव्हीडी पाल पद्धतीच्या. त्यात चित्र सेकंदाला २५ चौकटींनी पळतं, त्यामुळे सिनेमा चार टक्के आखूड होतो आणि आवाज किंचित चढतो. १३५ मिनिटांचा सिनेमा जेमतेम १३० मिनिटांत संपतो. तेवढा फरक असेल तर काही कापलेलं नाही, निश्चिंत बसा.

सापळा: नेटवर ‘एचडी’ म्हणून टाकलेल्या प्रती. जुना सिनेमा बऱ्यापैकी चौकोनी चौकटीत काढलेला असतो. रुंद टीव्ही भरावा म्हणून त्याला वरून-खालून कापतात. डोकी अर्धी दिसली, नाचताना पाय गायब झाले, की समजा प्रत कापलेली आहे. दुसरा प्रकार ताणण्याचा, ज्यात नायिका बुटकी आणि जाड दिसते. तो आपल्या हातात असतो: टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या. आणि यंत्राने ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतींत चेहरे मेणाचे होतात, धूर पुसला जातो. भुताच्या सिनेमात धूरच पुसला तर राहिलं काय?

४. माणसं आणि परवानगी

पहिल्या वेळी चार-पाच जणांहून जास्त बोलावू नका. आणि फक्त टिंगल करायला येणारा एकही नको. मी एकदा कॉलेजच्या जुन्या मित्रमैत्रिणींना बोलावलं. पहिल्या वटवाघळापासून जे हसायला सुटले ते शेवटपर्यंत. कुणी पडद्याकडे बघत नव्हतं, प्रत्येकजण पुढचा शेरा शोधत होता. सिनेमा संपल्यावर एकालाही गोष्ट सांगता येईना. हसू येईलच, यावंही. पण ते सिनेमाने आणलेलं असावं, घरून ठरवून आलेलं नसावं.

‘पुराना मंदिर’सारख्या सिनेमांना प्रौढांचं प्रमाणपत्र आहे. मुलांना दुसरं दार दाखवा.

घरात मित्रांसोबत बघणं वेगळं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये, मंडळाच्या मांडवात लावणं वेगळं. तिथे हक्क असणाऱ्याची परवानगी लागते, तिकीट लावलं नाही तरीही. भारतात सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे नादियाचे तीसच्या दशकातले सिनेमे मोकळे झाले, रामसेंचे भयपट झालेले नाहीत. गाण्यांचा हक्क निराळा मोजला जातो. मंडळातर्फे काही करायचं असेल तर परवानगी लेखी घ्या आणि कागद हॉलमध्ये सोबत ठेवा.

५. बघताना काय बघायचं

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

पहिल्यांदा सिनेमा सरळ बघा. पळवायचा नाही, थांबवायचा नाही. जगदीपचा विनोदी भाग आला तरी नाही. दुसऱ्यांदा मात्र रिमोट हातात घ्या आणि एकेक गोष्ट शोधा.

*दिवसाची रात्र.* रात्री बाहेर शूटिंग करायला मोठे दिवे, जनरेटर लागतात. म्हणून भर दुपारी, कमी उजेड आत घेऊन, निळी छटा देऊन रात्र दाखवायचे. ओळखायचं कसं? झाडांच्या सावल्या बघा. कडक आणि स्पष्ट असतील तर वर सूर्य आहे. गाडीच्या बोनेटवर झगमगाट दिसेल. आणि आकाश चौकटीतून मुद्दाम बाहेर ठेवलेलं असेल. कॅमेरामन शेवटपर्यंत आकाश टाळतो, आणि हे टाळणं जमलं की चौकट कोंदट, घाबरवणारी होते. पैसे नाहीत म्हणून केलेल्या गोष्टीने भीती वाढवली.

*रंगीत दिवे.* लाल, हिरवा, निळा. मोठा सेट परवडत नसेल तर एकाच खोलीचे तीन रंग करून तीन खोल्या करता येतात. ‘वीराना’मध्ये एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा आणि फक्त रंग मोजा.

*आवाज.* तेव्हाचे कॅमेरे इतके खडखडत की शूटिंगचा आवाज वापरता येत नसे, सगळं नंतर स्टुडिओत डब व्हायचं. ओठ आणि शब्द जुळत नाहीत हा दोष महागड्या हिंदी सिनेमांतही होता, त्याचं खापर एकट्या या सिनेमांवर फोडू नका. उलट दाराची करकर, वारा, दूरचं कुत्रं हे सगळं एका खोलीत बसून केलेलं आहे. डोळे मिटून पाच मिनिटं ऐका.

*चमत्कार.* बाबूभाई मिस्त्रींनी ‘ख्वाब की दुनिया’त (१९३७) अदृश्य माणूस दाखवताना वस्तू काळ्या दोऱ्याने हलवल्या. काळ्या पार्श्वभूमीवर दोरा दिसत नाही. इंडस्ट्रीत त्यांचं नावच ‘काला धागा’ पडलं. त्यांच्या पुढच्या सिनेमांत एकाच चौकटीत राक्षस आणि बुटका माणूस दिसतो तेव्हा दोघांमधली रेषा शोधा. कॅमेऱ्यापुढे अर्धा भाग झाकायचा, अर्धं चित्र घ्यायचं, फिल्म मागे गुंडाळायची, दुसरा अर्धा झाकायचा आणि त्याच पट्टीवर उरलेलं चित्र घ्यायचं. चूक झाली तर दोन्ही चित्रं वाया. कधी कधी त्या रेषेवर नटाचा हात नाहीसा होतो. लोक म्हणतात, ‘चुकलं.’ मला तिथे फिल्म मागे गुंडाळणारा हात दिसतो आणि अंगावर काटा येतो. हे सगळं कॉम्प्युटरशिवाय, आणि बरोबर आलं की नाही ते फिल्म धुऊन आल्यावरच कळायचं.

*राक्षसाचं अंग.* सामरीचा मेकअप थोडाच आहे. खरा परिणाम अजय अगरवाल (यांचं नाव अनिरुद्ध अगरवाल असंही लिहितात) यांच्या उंचीचा आणि चेहऱ्याचा. कॅमेरा जवळजवळ नेहमी खालून लावला आहे. शिकून इंजिनियर झालेला माणूस, फार संवाद नाहीत, आणि नुसत्या उभं राहण्याने दोन पिढ्यांची झोप उडवली. त्यांना मोठं काम मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

*कोपऱ्यातला ठिपका.* प्रत जुन्या प्रिंटवरून केलेली असेल तर अधूनमधून पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका क्षणभर चमकतो, आणि काही सेकंदांनी पुन्हा. माझे मामा ग्रँट रोडच्या एका थिएटरात ऑपरेटर होते, त्यांनी मला हा दाखवला. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसऱ्याला पडदा त्या मशीनवर घ्यायचा. तो ठिपका दिसला की कुठल्या तरी उकडणाऱ्या केबिनमध्ये कार्बनच्या दिव्यामागे उभा असलेला माणूस आठवावा.

६. जे खपवून घेऊ नये

प्रेम आहे म्हणून डोळेझाक करायची नाही. नवीन माणसाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो मध्येच उठून जातो आणि त्याचं बरोबर असतं.

बाईला या सिनेमांत फार वाईट वागवलं आहे. आंघोळीचे प्रसंग कथेला काहीही देत नाहीत, ते पोस्टरसाठी आहेत. ‘पुराना मंदिर’ची गोष्टच अशी की शापाने घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतात. त्यातली भीती खरी आहे, कारण बाळंतपणाची भीती आपल्या घरांतही खरी होती. पण सिनेमा त्या बाईपाशी थांबत नाही, तिच्या बापापाशी आणि प्रियकरापाशी जातो. याउलट पन्नास वर्षं आधी नादिया हातात चाबूक घेऊन पुरुषांना आडवं करत होती. दोन्ही लागोपाठ बघितले की काय हरवलं ते न सांगता कळतं.

आदिवासी म्हणजे अंगाला काळा रंग फासून नाचणारी माणसं, कुबड असलेला नोकर म्हणजे सैतानाचा हस्तक. हे सर्रास आहे आणि ते वाईटच आहे. प्राण्यांचे प्रसंग मी नव्या माणसाला दाखवतच नाही.

परदेशी सिनेमांवरून उचललेलं पुष्कळ आहे. ‘बंद दरवाज़ा’ हा ड्रॅक्युलाचा आपला अवतार. याचा मला फारसा राग येत नाही. शवपेटी इथे येताना तिच्याभोवती काळी पहाडी, तांत्रिक आणि मूल होत नाही म्हणून नवस करणारी ठकुराईन जमा झाली, आणि ते आपल्या लोकांना भिडलं.

विनोदी उपकथानक मात्र मलाही कंटाळा आणतं. ‘पुराना मंदिर’मध्ये ‘शोले’ची नक्कल करणारा अख्खा दुसरा सिनेमा आत दडला आहे. तो तिथे का आहे? भीती सलग अडीच तास टिकत नाही, आणि प्रेक्षकाला तिकिटाच्या पैशांत हाणामारी, गाणी, हसू सगळं हवं होतं. कारण कळलं तरी लांबी कमी होत नाही. दुसऱ्या वेळी पळवा.

७. एक दिवस बाहेर पडा

चार-पाच सिनेमे झाले की हा दिवस जरूर काढा. शुक्रवार आणि सोमवार टाळा. शुक्रवारी चोर बाजारातली दुकानं बंद असतात, सोमवारी संग्रहालय.

सकाळी पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय बघा. २०१९मध्ये सुरू झालं. जुना गुलशन महल आणि शेजारची नवी इमारत, दोन्हींत मिळून अडीच-तीन तास जातात. जुने कॅमेरे आणि संकलनाची यंत्रं पाहिली की वर सांगितलेली फिल्म मागे गुंडाळण्याची करामत लगेच डोक्यात शिरते.

तिथून ग्रँट रोड पूर्वेला या आणि पठ्ठे बापूराव मार्गाने चाला. तमाशाच्या शाहिराचं नाव असलेल्या या रस्त्यावर एके काळी थिएटरांची रांग होती, आणि आपले हे सिनेमे दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा लागायचे ते इथेच. आज बऱ्याच दारांना कुलपं आहेत. एखादं चालू दिसलं तर तिकीट काढण्याआधी आजूबाजूला विचारा, बायकांनी सोबतीनेच जा. फोटो काढताना इमारतींचे काढा, या वस्तीत राहणाऱ्यांच्या तोंडावर मोबाइल धरू नका.

पुढे चालतच चोर बाजार, मटण स्ट्रीट. पोस्टर, लॉबी कार्ड (थिएटरच्या दर्शनी भागात लावायचे सिनेमाचे फोटो), गाण्यांच्या पुस्तिका. इथला सापळा मोठा आहे: नवं छापून, चहाच्या पाण्याने पिवळं करून ‘ओरिजनल’ म्हणून विकलेलं पोस्टर. आपल्याकडचं नेहमीचं पोस्टर ३० बाय ४० इंचांचं. जुनं असेल तर त्याला घड्यांच्या खुणा असतात, कारण ते घडी घालूनच थिएटरला जायचं. घडीवर शाई उडालेली हवी. घडी दिसते आहे पण बोटाला लागत नाही, म्हणजे घडीचाही फोटो छापला आहे. पोस्टर नेहमी पाठीमागून बघा: पिवळेपणा कडेला जास्त आणि मध्ये कमी असतो, सगळीकडे सारखा असेल तर सोडून द्या. सुरुवातीला गाण्यांच्या पुस्तिका घ्या. स्वस्त पडतात, आणि त्यात कथासार, नटांची, तंत्रज्ञांची नावं असतात. पडद्यावर नावं भराभर जातात, पुस्तिकेत ती निवांत वाचता येतात.

८. वही आणि वेळ

वहीत सिनेमाचं नाव, साल, प्रत कुठली, प्रमाणपत्रावरचे मीटर आणि प्रत्यक्ष मिनिटं लिहा. मग कॅमेरामन, कला दिग्दर्शक, मेकअप आणि फाइट मास्टर यांची नावं. दहा-बारा सिनेमे झाले की तीच नावं पुन्हा पुन्हा यायला लागतात, आणि तुम्ही नटांऐवजी त्या नावांवरून सिनेमे निवडायला लागता. माझ्याकडे अशा तीन वह्या भरल्या आहेत.

वेळेचं गणित आधीच करा. १३५ मिनिटांचा सिनेमा, पंधरा मिनिटं इंटरव्हल (तो काढायचाच, जिथे पडद्यावर येतो तिथेच), आणि नंतर तासभर गप्पा, कारण लोक उठत नाहीत. रात्री नऊला सुरू केलं तर शेवटची लोकल चुकू शकते. आमच्याकडे पावसाळ्यात साडेपाचला आणि एरवी सहाला, पडदे ओढून शो सुरू होतो. इंटरव्हलला कांदाभजी, शेवटाला चहा, आणि दहाच्या आत कर्जत-कसाऱ्याकडे जाणारे स्टेशनवर असतात.